पूर्ण वर्ग

काशीचा अंगठा मधल्या बोटाच्या पहिल्या पेरावर होता, म्हणजे सातावर, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी मागून विचारलं, "किती झाल्या?"

अंगठा घसरला. हातातली चिंबोरी टोपलीत पडायची ती धक्क्याच्या दगडावर पडली आणि तिरकी तिरकी पळत पाण्याकडे निघाली. काशीने तिच्या पाठीवर दोन बोटं दाबली, नांग्या चुकवून तिला उचललं, टोपलीत टाकलं आणि मग मान वळवली.

पांढरी पँट, घोट्यापर्यंत काळा चिखल. काखेत एक लाकडी पेटी. आणि चेहऱ्यावर आपण काय करून बसलो याचा पत्ता नसलेलं हसू.

"झाल्या होत्या त्या सगल्या गेल्या," काशी म्हणाली. "आता पयल्यापासनं मोजा तुमी."

"मोजतो की." त्याने पेटी खाली ठेवली आणि खरोखरच उकिडवा बसला. "दहा-दहाचे ढीग करू. सोपं जाईल."

"करा."

जित्या चिंबोऱ्यांचे ढीग होत नाहीत, हे त्याला तिसऱ्या चिंबोरीला कळलं. चौथीने त्याचा अंगठा धरला. काशीने ती सोडवली, पण सावकाश.

"बरं, धरा की दहा झाल्या," ती म्हणाली. "ह्या होडीवर तिघं जनं हायत. माझा बा, देवजीकाका, धर्मराजकाका. करा तीन वाटे."

"तीन, तीन, तीन…" तो थांबला. "एक उरते."

"ती कुनाची?"

तो विचारात पडला. खरोखरच विचारात पडला, आणि काशीला त्याचं नवल वाटलं. एवढ्या साध्या प्रश्नाला कुणी एवढा मान देत नाही.

"मग तुम्ही कसं करता?"

तिने डावा हात पुढे केला. चार बोटं, एकेका बोटाला तीन पेरं. अंगठा करंगळीच्या खालच्या पेरापासून निघाला आणि तर्जनीच्या टोकाला पोचला. बारा. बारा झाल्या की एक शिंपला बाजूला. बाराचे दोन वाटे होतात, तीन होतात, चार होतात, सहाही होतात. उरत काही नाही, म्हणून धक्क्यावर भांडण होत नाही. बाळारामच्या होडीवर असंच मोजत आले होते, आणि बाळारामला मुलगा नसल्याने मोजायला काशी बसत होती.

तो हाताकडे बघत राहिला. मोजणी समजायला जेवढा वेळ लागतो त्याहून जरा जास्तच. मग काशीने मूठ मिटली.

त्याचं नाव जयदेव. नावड्याच्या तुळशीरामचा मुलगा. गणित घेऊन बी.एस्सी. झालेला. शेर आणि मण जाऊन किलो आणि ग्रॅम आले होते, ते गावोगाव समजावून सांगायला कचेरीने त्याला धाडलं होतं. पौष महिनाभर तो बोनकोड्याच्या शाळेच्या ओसरीवर वर्ग घेणार होता. उन्हं कलली की लोक येऊन बसत. पुरुष पुढे, बायका मागे. काशी सगळ्यांत मागे, खांबाला टेकून. ती सातवी पास होती आणि ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

पण त्याला कळलं. तिसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर तो पाटी घेऊन खांबापाशी आला.

"तुमचे ते शिंपले… मी रात्रभर तेच करत होतो." तो उभ्यानेच लिहू लागला. "एक शिंपला आणि वर चार चिंबोऱ्या. कसं लिहाल?"

"सोला."

"ते दहात. तुमच्या बारात लिहायचं. डावीकडे शिंपले, उजवीकडे सुट्या." त्याने लिहिलं: १४. "हे चौदा नाही. एक डझन आणि चार. सोळा."

काशीने पाटी हातात घेतली. "आनि दहा सुट्या असल्या तर? त्या दोन आकड्यांत जातील. घोटाला होईल."

जयदेव हसला. हाच प्रश्न येणार हे त्याला माहीत असावं, किंवा यावा असं वाटत असावं. "म्हणून दहाला आणि अकराला एकेकच खूण लागेल. द्या तुम्ही."

तिने खडू घेतला. दहासाठी एक वाकडा गळ काढला. अकरासाठी तिरकी रेघ आणि तिच्या टोकाला पातं: वल्हं.

"गळ आणि वल्हं," तो म्हणाला. "कॉलेजात चार वर्षं काढली, इतके देखणे आकडे पाहिले नाहीत."

"आकडेच बघत होतात ना?" काशी म्हणाली आणि पाटी परत करून निघाली. कान तापले होते. आपण हे बोललो, यावर तिचा घरी पोचेपर्यंत विश्वास बसला नाही.

मग रोजच थोडं थोडं. लोकांसमोर, ओसरीवर, उजेडात. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं आणि तरी काशी घरी गेली की आईशी जरा जास्तच बोलायची, दुसऱ्याच कशाबद्दल तरी.

"तुमचं वय काय?" एकदा त्याने विचारलं.

"कशाला पायजे?"

"गणितासाठी."

"एकोनीस."

त्याने लिहिलं, १७. "बघा, बारात सतरा दिसता."

"आनि तुमी?"

"तेवीस. एक डझन आणि वल्हं."

"म्हंजे मी दोन वर्सांनी ल्हान झाले, आनि तुमी वल्हं मारीत बसलात."

"दोन्ही अविभाज्य आहेत पण." तो पाटीकडेच बघत होता. "दोन आणि तीन सोडले तर बारात अशा संख्येचा शेवट एक, पाच, सात किंवा वल्हं यातच होतो. बाकी कुठल्याच आकड्यात नाही. आणि त्यांचे वाटे होत नाहीत. कुणी म्हणेल, मला थोडी द्या… तर नाही. घ्यायची तर अख्खी."

खाडीवरून वारा आला, पाटीवरची खडूची भुकटी तिच्या पदरावर उडाली. ती तिने झटकली नाही.

दुसऱ्या दिवशी काशीच पाटी घेऊन आली. रात्री तिने एकापासून बारापर्यंतच्या आकड्यांचे वर्ग काढले होते, सगळे बारात लिहून. १, ४, ९, १४, २१, ३०, ४१, ५४, ६९, ८४, मग गळ आणि एक, आणि शेवटी १००.

"शेवटी बघा," ती म्हणाली. "शून्य, एक, चार, नऊ. दुसरा शेवटच नाय. तुमच्या दहात पाच बी येतो आनि सहा बी."

त्याने तपासलं. पुढचे बारा वर्ग स्वतः काढून तपासलं. ओठ हलत होते.

"आनि त्या चार शेपट्या," काशी हळूच म्हणाली, "शून्य, एक, चार, नऊ… त्या सोताच वर्ग हायत."

जयदेवने मान वर केली. चिंबोरीने अंगठा धरला होता तेव्हाही त्याचा चेहरा असा झाला नव्हता. "हे मला दिसलं नव्हतं," तो म्हणाला. "खरंच नव्हतं दिसलं."

त्याने ती यादी एका रेघी कागदावर सुंदर अक्षरात उतरवून घेतली. वर लिहिलं: पूर्ण वर्ग. खाली कंसात, बारीक: काशीचे.

माघ उजाडला आणि बोनकोड्याचा वर्ग संपला. शेवटच्या दिवशी लोक उठून गेल्यावर जयदेवने पेटी भरली, पुन्हा उघडली, पुन्हा भरली. काशी खांबाशीच होती.

"मला नागपूरला कायमची नोकरी लागली," तो म्हणाला. "वीस तारखेला रुजू व्हायचंय. अठराला निघावं लागेल."

"बरं झालं," काशी म्हणाली.

"त्याआधी… बाबांना घेऊन तुमच्याकडे यावं म्हणतो. तुमच्या वडिलांना भेटायला." त्याने तोच रेघी कागद घडी करून पुढे केला. "ते घरी असतील असा दिवस यावर लिहून पाठवा. दहा तारखेपर्यंत मी कोपरखैरण्याच्या शाळेत आहे. आणि… येऊ नये असं वाटत असेल, तर काही लिहू नका. मी समजेन."

तो एवढं बोलला आणि पेटी घेऊन निघाला. शंभरेक पावलं गेल्यावर मागे वळला. काशी तिथेच होती, म्हणून पुन्हा पुढे बघून चालू लागला, जरा वेगाने.

बाळाराम घरी कधी असतो, ते खाडी ठरवते. अमावास्या-पुनवेच्या उधाणाला पाणी जोरात धावतं, तेव्हा जाळी लावायला होड्या जातात त्या आठ-आठ दिवस येत नाहीत. मधल्या भांगाला पाणी मरतं, तेव्हा माणसं घरी. काशीने आडवळणाने विचारून घेतलं. बाळाराम म्हणाला, "चौदा तारखेपरत हाय मी. पंधराला सकालच्या भरतीला निंगनार."

मग तिने आईला, येसूबाईला, सांगितलं की नावड्याची माणसं चौदाला येणार आहेत, शाळेत निरोप आलाय. निरोप आला नव्हता. निरोप तीच धाडणार होती. पण हे आईला सांगायला शब्दच नव्हते. तिने तो कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर, कुणी पाहिलं तरी काही कळू नये म्हणून, फक्त एक आकडा लिहिला: १४.

शेजारची गोजरा कोपरखैरण्याला मासळीची पाटी घेऊन जायची. तिने कागद नेला आणि दुपारी परत आली.

"दिला?"

"दिला गो. वाचला नि हसला."

"कायतरी बोलला असेल."

"बोलला ना. वर्ग पूर्ण हाय, सांग तिला."

काशीने मनाशी अर्थ लावला: कोपरखैरण्याचा वर्ग पूर्ण झाला, म्हणजे तो आता मोकळा आहे, म्हणजे येणार. जीव भांड्यात पडला.

चौदा तारखेला येसूबाईने पहाटेच अंगण सारवलं. बाळारामने धुतलेलं धोतर नेसलं आणि देवजीला बोलावून घेतलं. आपल्याला मोठा भाऊ नाही, तर निदान होडीचा जोडीदार तरी शेजारी असावा. दोघे ओट्यावर बसले. रस्त्यावर दहाच्या मोटारीचा भोंगा वाजला. कुणी आलं नाही. एकची मोटार गेली.

"नावड्याची मोटार चुकली असल," देवजी म्हणाला.

चारची गेली.

"मोटारीचं काय खरं," देवजी म्हणाला.

काशी आत चुलीपाशी बसून होती. वर्ग पूर्ण आहे. तीच अक्षरं, पण आता त्यांचा चेहरा बदलला होता. वर्ग पूर्ण आहे… म्हणजे संपला. बोनकोडं संपलं, पाटी संपली. शिकलेला माणूस नाही म्हणतो ते असंच म्हणत असेल, ऐकणाऱ्याला लागू नये अशा बेताने. आणि हसला, म्हणे.

ऊन उतरलं तेव्हा बाळाराम उठला. ओट्यावरची चटई त्याने स्वतः गुंडाळली.

"येसू," तो आत न बघता म्हणाला, "उद्या सकालच्या भरतीला निंगतो. धर्मराजाच्या बहिनीचा मुलगा हाय ना कामोठ्याला, त्यांनी दोनदा विचारलंय. उद्या होडीवरच धर्मराजाला शबुद देतो."

"पोरीला तरी विचारा," येसूबाई म्हणाली.

"तिचं ऐकलं, म्हनून आज बसलो ना दारात."

तो ओरडला असता तर काशीला बरं वाटलं असतं.

सकाळी ती पाणवठ्यावर हंडा भरत होती. खाडीवर धुकं होतं, पलीकडे मिठागरात मिठाच्या राशी त्याहून पांढऱ्या. बा आठ दिवसांनी परतणार. आज तारीख कोणती? अंगठा आपोआप करंगळीच्या पेरावर गेला, कारण काशीला काहीही मोजायचं असलं की तो तिथेच जातो. एक, दोन, तीन… बारा. एक हात भरला. पुढे एक, दोन, तीन. पंधरा. एक हात आणि तीन पेरं.

एक आणि तीन. १३.

हंडा भरून वाहू लागला.

आज जर तेरा, तर काल बारा. कालचा दिवस त्यांच्या आकड्यांत १२ असा लिहायला हवा होता. तिने काय लिहिलं होतं? अंगठा एक पेर पुढे सरकला. एक हात आणि चार. १४. तो आजचाही दिवस नव्हता. तो उद्याचा होता. सोळा.

तिने लिहिलं होतं बाने तोंडाने सांगितलं तसं, दहात. आणि ज्या कागदावर लिहिलं, त्याच्या दुसऱ्या बाजूला बारातले आकडे होते. तिथेच तिचं नाव होतं. तो दुसरं काय वाचणार होता?

…की त्याने बरोबरच वाचलं, आणि तो आला नाही?

दोन्ही खरं असू शकत होतं. काशी हंडा तिथेच टाकून धावली.

गोजरा अंगण झाडत होती.

"त्या दिवशी मास्तर काय बोलले? शबुद न शबुद सांग."

"सांगितला ना. वर्ग पूर्ण हाय."

"असंच? का 'पूर्ण वर्ग' हाय?"

"तेच ते."

"तेच ते नाय गोजरा. आठव. तुझ्या पाया पडते, आठव."

गोजराने खराटा भिंतीला टेकवला. काशीचा चेहरा पाहून तिची थट्टा करायची हिंमत झाली नाही. "कागद उलटा केला. मंग सुलटा केला. मंग हसला… आनि बोलला, पूर्ण वर्ग आहे, सांग तिला. मला वाटला, शालेचा वर्ग. आनि मंग आपल्याशीच बोलला, हिला दुसरी तारीख सुचलीच नसती. ते मला कललाच नाय, म्हनून मी सांगितला नाय."

चौदा हा कशाचाच वर्ग नाही. सोळा म्हणजे चार चोक. पूर्ण वर्ग. त्याने सोळाच वाचलं होतं, आणि त्याला वाटलं होतं की तिने मुद्दाम, त्यांच्या दोघांच्या यादीतून निवडून, हा दिवस दिला.

काशी तिथेच खाली बसली. मग लगेच उठली. आज एकादशी, अकरावी तिथी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. सव्वाआठला पाणी पूर्ण भरणार, आणि ओहोटी लागली की होडी सुटणार.

धक्क्यावर देवजी शीड सारखं करत होता. धर्मराज पाण्याची पिंपं चढवत होता. बाळाराम सुकाणूपाशी होता.

"बा, खाली या. बोलायचंय."

"परत आल्यावं बोल."

"परत आल्यावं उपयोग नाय."

तो उतरला. गुडघाभर पाण्यातून दगडावर आला. काशीने एका दमात सांगितलं, कारण मध्ये थांबली असती तर पुढचं आलंच नसतं. की नावड्याहून निरोप आलाच नव्हता. की चिठ्ठी तिनेच लिहिली. की तिने चौदा लिहिलं, आणि त्याने सोळा वाचलं.

"तू लिवलीस," बाळाराम म्हणाला. बाकीचं त्याने ऐकलं की नाही, कळेना. "पोराला. तू."

"व्हय."

"आनि आयेला खोटं बोललीस. तुझ्या खोट्यापायी मी काल दिवसभर दारात बसलो."

"व्हय, बा."

देवजी आणि धर्मराज शिडाच्या आड गेले. जाण्यासारखं दुसरीकडे काही नव्हतं.

"चौदाचे सोला कसे झाले?" त्याने विचारलं.

काशीने बाचा हात धरला. जाळ्याच्या दोरांनी पेरांवर घट्टे पडले होते. त्याचाच अंगठा तिने त्याच्या पेरांवरून फिरवला. "एक हात… आनि वर चार. बा, आपन मोजतो तसं लिवलं तर हे एक, हे चार. मी बाजारातल्यासारखं लिवलं, त्यांनी आपल्या होडीवरलं वाचलं. चूक माझी हाय. त्यांची नाय."

बाळाराम आपल्या हाताकडे बघत राहिला. "त्याला आपली मोजनी येते?"

"येते."

"कुनी शिकवली?"

काशीने आपला डावा हात पदराआड घेतला. तेच उत्तर होतं.

"आनि उद्या बी आला नाय तर?"

पाणी भरून थांबलं होतं. तिवरांची पानं पाण्याला टेकलेली, हलत नव्हती. काशीला वाटलं, आपण बाकडे आता काहीच मागू शकत नाही. द्यायलाच काहीतरी हवं.

"तर कामोठ्याला हो बोला," ती म्हणाली. "मी एक शबुद काढनार नाय."

बाळारामने होडीकडे पाहिलं, मग आपलं गाठोडं काढून घेतलं. "देवजी," तो म्हणाला, "सुकानू तू धर. ह्या खेपेला दोनच वाटे करा."

धर्मराज काहीतरी बोलणार होता. देवजीने त्याच्या हातात वल्हं दिलं.

सोळाला कुणी अंगण सारवलं नाही, कुणाला बोलावलं नाही. येसूबाई काशीशी बोलत नव्हती, पण तिने तांदूळ नेहमीपेक्षा जास्त निवडले. बाळाराम मागच्या अंगणात जुनं जाळं घेऊन बसला. दहाची मोटार गेली. एकची गेली. काशी पुन्हा पुन्हा तेच तपासत होती, जसं तो वर्ग तपासायचा तसं. गोजराला नीट आठवलं असेल का? की मी विचारलं म्हणून तिने तसं आठवलं? 'पूर्ण वर्ग' हे शब्द आधी मीच तिच्या तोंडात घातले होते. पण 'दुसरी तारीख सुचलीच नसती' हे मी घातलं नव्हतं. ते गोजराला रचताही आलं नसतं. एवढं एकच तिच्या हातात होतं, आणि दुपार कलत चालली होती.

चारच्या मोटारीचा भोंगा वाजला. कुणी उतरलं नाही. आत येसूबाईने भाताचं भांडं चुलीवरून खाली घेतलं, त्याचा आवाज झाला. बाळारामने जाळं खाली ठेवलं.

आणि मिठागराच्या बांधाकडून, जिकडून पाहुणे कधीच येत नाहीत तिकडून, बैलगाडीची घंटा वाजली.

तुळशीराम गाडीतून कण्हत उतरला. "माफ करा हां. मोटारीत बसलो की मला ओकारी होते. पोरगा बोलला मोटारीनं जाऊ, मी बोललो गाडीच बरी. तर सकालपासून येतोच हाय."

जयदेव मागे उभा होता. केसांत धूळ, हातात टोपी. बाळाराम त्याच्यासमोर गेला. बसा नाही, पाणी नाही.

"चौदा तारखेला का नाय आलात?"

"चौदा?" तुळशीराम म्हणाला. "आमाला पोरानं सोला सांगितली."

जयदेवने खिशातून कागद काढला. आकडा पाहिला. मग दाराकडे, जिथे काशी उभी होती, आणि पुन्हा आकडा. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला, तेव्हा काशीला दिसलं की चौदा तारखेचा सगळा दिवस त्याला त्या एका क्षणात कळला आहे.

"चूक माझी आहे," तो बाळारामला म्हणाला. "विचारायला हवं होतं. मी… मला आनंद झाला, म्हणून विचारलं नाही."

"त्यांची नाय. माझी," काशी दारातून म्हणाली.

बाळारामने एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"एका चुकीला दोन धनी," तो म्हणाला. "येसू, पानी आन पाव्हन्यांना. आनि चटई टाक."

आत बोलणी सुरू झाली तेव्हा काशी बैलांना पाणी दाखवायला बाहेर आली. बैलांचं पाणी झालं. जयदेव गाडीच्या दांडीला धरून उभा होता.

"मी जर उद्या आलो असतो," तो म्हणाला, "किंवा तुमचे बाबा काल गेले असते…"

"नाय गेले."

"पण गेले असते तर?"

"तर कालच होडीवर कामोठ्याचा शबुद झाला असता. आनि आज तुमी आला नसता तरी झाला असता." तिने बादली खाली ठेवली. "मी तसं कबूल केलं होतं. तुमी याल या भरवशावर."

बैलाने शेपटी हलवली, माश्या उडाल्या.

"काशी, एक राहिलंच," तो म्हणाला. पहिल्यांदाच नुसतं काशी. "तू दिवस लिहिलास. पण हो म्हणून कुठेच लिहिलं नाहीस. आत ते दोघे ठरवतायत ते ठरवू देत. मला तुझ्याकडून पाहिजे."

काशीने घराकडे पाहिलं. आतून तुळशीरामचं हसणं ऐकू आलं, मग बाचंही, अर्धवट, नाखूश, पण हसणंच.

"आमच्यात लग्नानंतर बाई नवऱ्याचं नाव घेत नाय," ती म्हणाली.

"आमच्यातही नाही."

"म्हंजे पुढं कदी घेता यायचं नाय." ती दांडीच्या या बाजूला आली. आजवर ती त्याला मास्तर म्हणाली होती, तुमी म्हणाली होती, बाकी काहीच नाही. "तवा आताच घेते."

तो थांबला.

"जयदेव," काशी म्हणाली. आवाज कापला, म्हणून तिने पुन्हा म्हटलं, नीट, प्रत्येक अक्षर वेगळं. "ज-य-दे-व."